कर्णे विकत, कौलं फुकट

आजचा शास्त्रभाग : २ राजे १२:४-१६
सोबत वाचावे : नहेम्या ५:१-१३, यिर्मया २२:१३-१७, २ करिंथ ८:१२-२१



आजचा अध्याय मी निवडलेला नाही. वर्षभराच्या वाचनक्रमात तो आज आला. रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीची सभा झाली नसती, तर योवाश राजाची ही पेटी मी चार ओळींत आटोपली असती. मंदिराच्या दुरुस्तीला पैसे गोळा झाले, दुरुस्ती झाली, आपणही उदार हाताने द्यावे, आमेन. असं मनन मी पूर्वी लिहिलेलंही आहे. आज तसं लिहवत नाही.

आधी शास्त्रात काय घडतं ते पाहू.

योवाश सात वर्षांचा असताना गादीवर बसला. मंदिराची अवस्था वाईट होती. २ इतिहास २४ मध्ये कारणही दिलं आहे : दुष्ट अथल्येच्या मुलांनी देवाच्या घराची मोडतोड केली होती आणि तिथल्या पवित्र वस्तू बआलाच्या कामाला लावल्या होत्या. राजा मोठा झाल्यावर याजकांना सांगतो की लोक जो पैसा मंदिरात आणतात, ठरलेला असो की स्वखुशीचा, तो घ्या आणि घराला जिथे जिथे भेग दिसेल तिथे दुरुस्ती करा. हुकूम सरळ आहे. आणि मग सहावं वचन येतं. राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी याजकांनी दुरुस्ती केलेली नव्हती.

याजकांनी पैसे खाल्ले असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. आपणही म्हणू नये. मी स्वतः आमच्या मंडळीचा खजिनदार आहे, म्हणून मला हे वचन वाचताना त्या याजकांची जरा कणवच येते. पैसा येतो आणि रोजच्या खर्चात विरघळतो. तेल आहे, लाकडं आहेत, पाहुणा आला, कोणाचं आजारपण निघालं. भेग मात्र भिंतीत असते, ती ओरडत नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य यरुशलेमेतही बोललं जात असणार.

मग यहोयादा याजक एक पेटी घेतो, झाकणाला भोक पाडतो आणि ती वेदीजवळ, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवतो. उंबरठ्यावर पहारा करणारे याजक आलेला पैसा तिच्यात टाकतात. पेटी भरली की दोघं येतात, राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक. एक राजवाड्याचा, एक मंदिराचा. दोघांच्या डोळ्यांदेखत मोजणी होते, पैसा थैल्यांत बांधला जातो. इथपर्यंतची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पुठ्ठ्याची पेटी करून आणतात.

पण तो पैसा गेला कुठे, हे आम्ही मुलांना कधी शिकवलं नाही. अकरावं आणि बारावं वचन हळू वाचा. तो पैसा सुतारांना गेला. बांधकाम करणाऱ्यांना गेला. गवंड्यांना, पाथरवटांना गेला. उरलेल्यातून लाकूड आणि घडीव दगड विकत घेतले. आणि तेरावं वचन तर मी रविवारी रात्री दोनदा वाचलं : त्या पैशातून चांदीचे प्याले केले नाहीत, कातरी केल्या नाहीत, वाडगे केले नाहीत, कर्णे केले नाहीत. सोन्याचांदीचं एकही पात्र केलं नाही.

कर्णे केले नाहीत.

आता रविवारची सभा.

मी फोंडाघाटात राहतो. आमची मंडळी लहान, आणि घरं कणकवलीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत विखुरलेली. प्रार्थनाघर जांभ्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. इकडचा पाऊस ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, दाजीपूरच्या अंगाला ढग अडले की आठ-आठ दिवस कोरडं ऊन दिसत नाही. त्यामुळे मिरगाआधी घर शाकारून घेणं हे आमच्याकडे जेवणाखाण्याइतकंच ठरलेलं. गेल्या वर्षी कौलं परतली तेव्हाच दिसलं होतं की तीन-चार वाशांना वाळवी लागली आहे. यंदा वासे बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरीकडे मंडळीचा वर्धापनदिन आहे. बाहेरून पाहुणे येणार. म्हणून दर्शनी बाजूला एक पोर्च बांधावा आणि नवी साउंड सिस्टीम घ्यावी असा विचार निघाला. आहे तो मिक्सर खरखरतो, हे खोटं नाही. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्यांना संदेश ऐकू येत नाही, हेही खोटं नाही.

पैसे दोन्हीला पुरत नव्हते. तेव्हा एक सूचना पुढे आली की छपराचं काम श्रमदानाने करू, मजुरी वाचेल, आणि वाचलेल्या पैशात पोर्च आणि साउंड सिस्टीम होऊन जाईल. सगळ्यांना पटली. कोणी विरोध केला नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि चहा आला.

सूचना माझी होती. हे आधीच सांगायला हवं होतं.

चहाचे पेले गोळा करताना एक मावशी माझ्याजवळ आल्या. नाव लिहीत नाही, आमची मंडळी एवढी लहान आहे की गावही लिहायला नको. काजू फॅक्टरीत गर सोलायला जातात. तिथे जेवढं सोलाल तेवढे पैसे, न गेलात तर काहीच नाही. घरात कमावणारं दुसरं माणूस नाही. त्या म्हणाल्या, “भाऊ, देवाच्या कामाक नको म्हणूक येता काय? म्हणान गेल्या वर्साक तीन दिस इलंय. पण त्या तीन दिसांचो रोज गेलो तो गेलोच.” मी काहीतरी पुटपुटलो, देव परत देईल असं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “पोर्चवाल्याक पैसे आसत आणि कौला चढवतल्यांका नायत, ह्या माका कळाक नाय.”

रागाने नव्हे. खरंच कळलं नव्हतं म्हणून विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन गेल्या वर्षीचा अहवाल काढला. माझ्याच अक्षरात आहे : ‘सभासदांच्या श्रमदानामुळे मजुरीच्या खर्चात मोठी बचत झाली.’ हे वाक्य मी वार्षिक सभेत मोठ्याने वाचलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बचत झाली म्हणजे काय झालं? जो खर्च मंडळीचा होता तो मावशींच्या घरी गेला. त्यांच्या पिठाच्या डब्यात गेला. पैसे वाचलेच नव्हते, त्यांनी नुसतं घर बदललं होतं. आणि त्याच तीन दिवसांत मी काय केलं? पहिल्या दिवशी तासभर उभा राहून कौलं मोजली आणि एक पाकीट दिलं. पाकिटाची पावती झाली, अर्पणाच्या यादीत नाव आलं. मावशींच्या तीन दिवसांची पावती कोणत्याही पुस्तकात नाही.

आपल्याकडे, म्हणजे विशेषतः मिशनच्या काळापासून चालत आलेल्या मंडळ्यांत, हिशोब विचारणं थोडं अभक्तीचं समजलं जातं. याची मुळं जुनी आहेत असं मला वाटतं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोल्हापूर, मिरज, रत्नागिरी, वेंगुर्ले या पट्ट्यात काम उभारलं. मिरजेचं आणि वेंगुर्ल्याचं इस्पितळ आजही लोक त्या नावांनी ओळखतात. त्या कामाचा बराचसा पैसा समुद्रापलीकडून येत होता आणि अहवालही समुद्रापलीकडे जात होते. देणारा तिकडे, म्हणून उत्तर तिकडे. इथल्या माणसाने कौलं चढवायची, पाणी भरायचं, टोप घासायचे आणि उपकार मानायचे. आता पैसा इथलाच आहे, आपल्याच थैलीतून येतो, पण न विचारण्याची सवय तशीच राहिली आहे. मिशनऱ्यांनी केलेल्या सेवेबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, तिला यामुळे बाध येत नाही.

कायद्याने हिशोब ठेवावेच लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा अधिनियम आपल्या राज्यातल्या नोंदणीकृत देवळांना आणि चर्चना सारखाच लागू आहे. कीर्द, पावत्या, तपासणी, धर्मादाय कार्यालयाकडे पत्रकं. मी ते सगळं नीट करतो, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण तपासनीस पैशाची पावती मागतो. कोणाचा दिवस बुडाला याची पावती तो मागत नाही. ते विचारायला मंडळीच पाहिजे.

शास्त्र मात्र विचारतं. नहेम्याचं पुस्तक आपण ‘श्रमदानाचं पुस्तक’ म्हणूनच वापरतो. मीच किती वेळा वापरलं असेल! तिसऱ्या अध्यायात कोणी कोणत्या वेशीशी किती भिंत बांधली याची घराघराने यादी आहे. शल्लूमाच्या मुलींचीही नोंद आहे, आणि तकोवाच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही हेही लिहून ठेवलं आहे. (ही नोंद वाचताना पाकीट देणाऱ्यांनी जरा थांबावं. मी थांबलो.) पण चौथ्या अध्यायानंतर, भिंत अर्धी चढलेली असताना, पाचवा अध्याय येतो आणि तो आम्ही श्रमदानाच्या आवाहनात कधीच वाचत नाही. बांधकाम चालू असतानाच लोक आणि त्यांच्या बायका ओरडा करतात. धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण पडली आहेत. मुलं-मुली गुलामीत द्यावी लागत आहेत. आणि ज्यांच्याकडे गहाण पडलं ते परके नव्हेत, आपलेच भाऊबंद आहेत.

नहेम्याला तेव्हा दोन वाक्यांत विषय संपवता आला असता : शत्रू वेशीवर आहे, आधी भिंत होऊ द्या, मग बघू. तो तसं म्हणत नाही. त्याला राग येतो, तो मनाशी विचार करतो, मोठ्या लोकांना सभेत उभं करतो आणि शेतं परत करायला लावतो. आणि स्वतःबद्दल सांगतो की बारा वर्षं सुभेदार असूनही सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं जड होतं. भिंत देवाचीच होती. तरी ती बांधणाऱ्याच्या घरात काय शिजतं, हा प्रश्न त्या भिंतीपेक्षा लहान ठरला नाही.

यिर्मया तर याहून कडक आहे. यहोयाकीम राजा प्रशस्त माड्यांचा वाडा बांधतो, गंधसरूचं लाकूड लावतो, लाल रंग देतो, आणि शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो, त्याची मजुरी देत नाही. संदेष्टा त्याला ‘हाय हाय’ म्हणतो. तुम्ही म्हणाल, तो राजवाडा होता, आपलं प्रार्थनाघर आहे. मीही आधी तेच म्हणालो. पण मग योवाशाच्या वेळी तर मंदिरच होतं ना? देवाचं घर, देवाचे लोक, देवाचं काम. सगळ्यांना फुकट बोलावता आलं असतं. तरी सुताराला पैसे मिळाले, पाथरवटाला पैसे मिळाले, आणि शास्त्राने ते लिहून ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी आमच्या पंचांपैकी एक ज्येष्ठ भाऊ घरी आले. त्यांना मी हे सगळं बोललो. ते माझ्यापेक्षा वयाने आणि विश्वासाने मोठे, म्हणून त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मांडतो. ते म्हणाले, “प्रत्येक कामाला मजुरी लावलीत तर मंडळी उरणार नाही, ठेका उरेल. आज कौलांचे द्याल, उद्या गाणारे मागतील, परवा झाडू मारणारी. गरिबाकडे द्यायला पैसा नसतो, त्याच्याकडे हात असतात. तेही तुम्ही अर्पण म्हणून घेणार नसाल तर त्याने देवाला द्यायचं काय?” आणि मग त्यांनी टिळकांचं नाव घेतलं. रेव्हरंड टिळकांनी पगार सोडलाच ना?

हे म्हणणं हलकं नाही. रात्रभर ते माझ्या डोक्यात होतं. गरिबाचं अर्पण नाकारणं हाही एक प्रकारचा अपमानच आहे. निर्गमाच्या ३५ व्या अध्यायात बायका स्वतःच्या हातांनी सूत कातून निवासमंडपासाठी आणतात आणि ते सोन्याच्या बरोबरीने घेतलं जातं. आमच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थनाघर सारवून-सजवून होतं ते कोणी ठेका घेतला म्हणून नाही, आणि ते तसंच राहावं.

पण टिळकांचं उदाहरण मी पुन्हा तपासून पाहिलं. टिळक आपल्या कोकणातलेच, करजगावचे. १८९५ साली बाप्तिस्मा झाला, पुढे बरीच वर्षं नगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केलं, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते वारले. आता पाहा, तो पगार टिळकांनी स्वतः सोडला. कोणा समितीने ठराव करून टिळकांचा पगार वाचवला आणि त्यातून पोर्च बांधला असं झालं नाही. शिवाय ज्यांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या उदारपणाचा भार त्या घरात दुसऱ्या कोणावर तरी पडत असे. लक्ष्मीबाईंनी तो हसत हसत लिहिला म्हणून आपल्याला हलका वाटतो.

पंडिता रमाबाईंच्या केडगावलाही काम खूप होतं. मुक्ती मिशनमधल्या मुली आणि बायका छापखाना चालवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी शास्त्र तिथेच छापलं गेलं. देवाचं काम खरंच, पण त्या कामासोबत टाकून दिलेल्या बायकांच्या डोक्यावर छप्पर होतं, ताटात अन्न होतं आणि हातात कसब आलं होतं. आमच्या मावशींच्या हातात तीन दिवसांनी काय आलं? चिऱ्यांची आणि कौलांची खरचटलेली बोटं. काजूच्या चिकाने आधीच काळी झालेली ती बोटं आहेत.

म्हणजे प्रश्न ‘पैसे द्यावेत की न द्यावेत’ एवढा सरळ नाही, असं त्या ज्येष्ठ भावांना मी काल फोनवर म्हणालो. नको म्हणायची मोकळीक होती का, हा प्रश्न आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून जे घेतलं जातं त्याला आपल्या कोकणात वेठ म्हणतात. खोतीच्या काळच्या वेठीच्या गोष्टी इथल्या प्रत्येक घरात कोणीतरी ऐकलेल्या आहेत. मावशी नाही म्हणू शकल्या असत्या का? वर वर पाहता हो. पण न येणाऱ्यांची नावं उपासनेनंतर निघतात हे त्यांना माहीत आहे. ‘त्या काय येऊक नाय’ हे पुढच्या रविवारी बाकावर ऐकू येतं. पाकीट देणारा आला नाही तर कोणी काही म्हणत नाही, त्याची पावती झालेली असते.

पौलाने करिंथकरांना वर्गणीबद्दल लिहिताना एक माप दिलं आहे : माणसापाशी जे आहे त्यावरून देणं मान्य होतं, नाही त्यावरून नव्हे. एकाला चैन आणि दुसऱ्याला ओढाताण असं होऊ नये, हेही तो पुढच्याच वचनात सांगतो. आणि पैसा पोचवायला तो एकटा जात नाही. तीताबरोबर आणखी भाऊ पाठवतो, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये. देवासमोर बरोबर असणं पुरेसं होतं ना, प्रेषित होता तो! तरी माणसांसमोरही ते बरोबर दिसावं असा आग्रह त्याने धरला. योवाशाच्या पेटीजवळ दोघं का उभे होते, याचं उत्तर इथे मिळतं.

आता साउंड सिस्टीमचं काय? वाडगे आणि कर्णे कधीच करू नयेत का? माझ्या मनात ही शंका आली आणि २ इतिहासात उत्तर सापडलं. तिथे चोविसाव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात लिहिलं आहे की काम पुरं झाल्यावर उरलेला पैसा राजापुढे आणि यहोयादापुढे आणला आणि त्यातून मंदिरातली पात्रं केली. दोन पुस्तकं एकमेकांविरुद्ध बोलतात असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. दुरुस्ती चालू होती तोवर त्या पैशाला चांदीचा हात लागला नाही, छप्पर-भिंती उभ्या राहिल्या, कामगारांचं देणं दिलं गेलं, आणि मग जे शिल्लक राहिलं त्यातून पात्रं झाली. आधी काय आणि मग काय, एवढंच. आमच्या सभेत हा क्रम मी उलटा केला होता. कर्णे विकत घेतले आणि कौलं फुकट मागितली.

अजून एक गंमत पंधराव्या वचनात आहे. ज्यांच्या हाती मजुरी वाटायला पैसा दिला त्यांच्याकडून हिशोब मागितला नाही, कारण ते विश्वासूपणे वागत होते. हिशोब मागितला गेला तो पेटीजवळ, वरच्यांचा. आमच्याकडे काय होतं? गवंडी पन्नास रुपये जास्त मागतो तर आम्ही तीन पंच मिळून त्याच्याशी अर्धा तास घासाघीस करतो. साउंड सिस्टीमचं कोटेशन मात्र एकच आलं, आणि ते मी तसंच वाचून दाखवलं. कोणी दुसरं मागितलं नाही. मीही नाही.

सोळाव्या वचनाबद्दल फार लिहीत नाही. दोषार्पणाचा आणि पापार्पणाचा पैसा याजकांचा होता, तो दुरुस्तीत ओढला नाही. पाळकांचं मानधन कुठल्या कुठल्या मंडळीत दोन-दोन महिने मागे पडतं आणि तरी बांधकाम चालू असतं, हे वाचकांपैकी पुष्कळांना माहीत आहे. त्यावर पुन्हा कधी.

मला योवाशाला मोठा करायचा नाही. याच अध्यायाच्या शेवटी अरामाचा राजा हजाएल चालून येतो तेव्हा हाच योवाश मंदिरातल्या सगळ्या पवित्र वस्तू आणि भांडारातलं सोनं काढून त्याला पाठवून देतो. ज्या यहोयादाने त्याला लहानपणी वाचवलं त्याच्याच मुलाला, जखऱ्याला, तो पुढे मंदिराच्या अंगणात दगडमार करवतो, असं इतिहासात लिहिलं आहे. चोख हिशोब ठेवणारा माणूसही कुठे पोचू शकतो हे खजिनदारांनी लक्षात ठेवावं. माझी कीर्द जुळते म्हणून मी जुळलो असं नाही.

तर या रविवारी मला सभेत पुन्हा उभं राहायचं आहे. सूचना माझी होती, ती मागे घेताना जीभ जड होणार. पाळकसाहेबांशी बोललो आहे, त्यांनी वेळ द्यायचं कबूल केलं. मी तीन गोष्टी मांडणार आहे. वासे आणि कौलांचं काम आधी, सुताराला आणि कामेऱ्यांना गावातल्या चालू दराने मजुरी देऊन, आणि मंडळीतल्या ज्यांना ते काम हवं असेल त्यांना आधी विचारून. ज्याला मजुरी न घेता काम करायचं आहे त्याने करावं, पण मजुरी आधी त्याच्या हातात पडेल. मग त्याने ती थैलीत टाकावी की घरी न्यावी, ते त्याचं आणि देवाचं. आणि न येणाऱ्याचं नाव कोणी काढायचं नाही. पोर्च यंदा होणार नाही बहुतेक. पाहुणे उन्हात उभे राहतील थोडा वेळ. साउंड सिस्टीमबद्दल माझं मन अजून पक्कं नाही, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही हे खरंच आहे. निदान दोन कोटेशनं तरी आणीन.

ज्येष्ठ भाऊ विरोध करतील असं वाटतं. करू देत. ते मनापासून बोलतात. मावशी सभेत बोलतील असं वाटत नाही, आणि ‘एका बहिणीने विचारलं’ असंही मी सांगणार नाही, सगळ्यांना कळेल कोण ते. माझा प्रश्न म्हणूनच मांडीन. आता तो माझाही आहे.

काल रात्री एक नवी वही काढली. गेल्या वर्षी छपराच्या कामाला कोण आलं होतं आणि किती दिवस, ते आठवून लिहायला बसलो. नहेम्याने लिहिली तशी यादी. पुरुषांची नावं पटापट आठवली. कौलं खालून वर देणाऱ्या बायकांची पाच आठवली. मग हिला विचारलं, तिने आणखी चार सांगितली. तीनही दिवस जेवण कोणी केलं ते तिला आठवत होतं. मोठे टोप मागे विहिरीवर कोणी घासले, ते तिलाही नाही आठवलं. त्या ओळीपुढे जागा मोकळी सोडली आहे.

प्रार्थना : प्रभू येशू, तू सुताराच्या घरी वाढलास. दिवसाची मजुरी संध्याकाळी हातात पडली नाही तर घरी काय होतं, हे तुला सांगावं लागत नाही. रविवारी मला नीट बोलता येऊ दे, आणि माझं म्हणणं पडलं तर रुसू नये अशी बुद्धी दे. वासे पावसाआधी होऊ देत. आणि टोप कोणी घासले ते आम्हाला आठवत नाही, तुला ती नावं माहीत आहेत. आमेन.